आधी पाणी पिळा, मग बर्गर थापा

कडेगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांचं एक टोक गावात आणि दुसरं भलत्याच राज्यात असतं. गलाईच्या धंद्यानं इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आणि तिथंच स्थिरावली. जत्रेला, दिवाळीला, मोहरमच्या ताबूतभेटींना ती गावी येतात, बरोबर मुलंही येतात. मुलांना पहिले दोन दिवस धपाटं आवडतं, तिसऱ्या दिवशी बर्गर हवा असतो. अलीकडे त्यात एखादी नात किंवा पुतण्या असा निघतो, ज्यानं दूधच सोडलेलं असतं. लोणी नको, चीज नको, दही नको.

मटण न खाणारं माणूस इथं कुणाला नवं नाही, माळकरी घरोघरी आहेत. पण दूध न घेणारं? शेजारच्या पलूस तालुक्यात भिलवडीला १९३९ साली चितळ्यांची डेअरी सुरू झाली. आज दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या बिलावर या भागातले कितीतरी संसार चालतात. अशा गावात ‘मी व्हीगन आहे’ म्हणणाऱ्या पोराला खायला काय घालायचं, या विचारानं आजी गांगरते. वास्तविक तिनं गांगरायचं काही कारण नाही. भाकरी, कोरड्यास, खर्डा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, या सगळ्यात दुधाचा थेंब नसतो. बर्गरही त्याच मालातून होतो, आणि विकतच्या पाकिटातल्या टिक्कीपेक्षा चांगला होतो. अट एकच आहे, ती शेवटपर्यंत सोडायची नाही: भाजीतलं पाणी काढायचं.

त्याआधी बाजारातून काय आणायचं आणि काय नाही, एवढं पाहून घेऊ. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. त्या ठिपक्याचा अर्थ मांस-अंडं नाही, इतकाच. दूध, लोणी, मध यांना तो चालतो. व्हीगन पदार्थांसाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये वेगळे नियम आणले आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षरावर पान असलेलं वेगळं हिरवं चिन्हही दिलं. पण तालुक्याच्या दुकानात ते चिन्ह क्वचितच दिसेल. म्हणून पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचायची. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, कॅसीन, बटर यांतलं काही असेल तर ते दूधच. यादीच्या खाली ‘कंटेन्स’ म्हणून एक ठळक ओळ असते, तिथं गहू, सोया, दूध असे ज्यांची ॲलर्जी येते ते पदार्थ लिहिलेले असतात. घाईत तेवढी ओळ वाचली तरी चालतं. सगळ्यात फसवणारी वस्तू म्हणजे अंड्याविना मेयोनीज. अंडं नाही म्हणून तो व्हीगन, असं पुष्कळांना वाटतं, आणि त्याच बाटलीत दुधाची पावडर निघते.

आता पाण्याचं. घरी केलेला भाज्यांचा बर्गर फसतो तो जवळजवळ नेहमी एकाच रीतीनं: तव्यावर मोडतो, किंवा वरून लाल आणि आत लगदा राहतो. मग बाई म्हणते, अंडं नाही ना, म्हणून धरत नाही. मग ती बेसन वाढवते, मैदा घालते, ब्रेडचा चुरा घालते, आणि शेवटी जे हातात येतं ते पिठाचं वजनदार भजं असतं. दोष अंड्याच्या नसण्यात नाही. दुधी भोपळ्यात शंभरातले ९५ भाग पाणी असतं, कोबीत सुमारे ९२, गाजरात ८८, बिटात ८७. किसलेली भाजी मिठाला लागली की हे पाणी सुटायला लागतं, आणि नेमकं तुम्ही टिक्क्या थापून तवा तापवता तेव्हा ते सगळ्यात जास्त सुटतं. पीठ ते पिऊन फुगतं, चिकट होतं, आणि तव्यावर त्याची वाफ होऊन टिक्कीला आतून भेगा पडतात.

म्हणून भाजी किसली की लगेच मीठ लावा, पाऊण चमचा पुरे. पंधरा मिनिटं ठेवा. मग जुन्या सुती पंच्यात बांधून पिळा, आणि ‘झालं’ असं वाटल्यावर आणखी एकदा पिळा. निघालेलं पाणी टाकू नका, आमटीत घाला. त्यात मीठ आहे एवढं ध्यानात ठेवा. पिळलेली भाजी कढईत चमचाभर तेलावर मोठ्या आचेवर परता. वाफ यायची थांबली, तळाला भाजी किंचित लागू लागली आणि खमंग वास सुटला की उतरवा. यात सात-आठ मिनिटं जातात, पण बर्गरची चवही इथंच तयार होते. बीट आणि गाजर यांच्यातली साखर कढईत थोडी करपते, कांदा लालसर होतो, आणि जो ‘मांसासारखा’ खमंगपणा लोक महागड्या परदेशी पाकिटांत शोधतात, त्यातला बराचसा इथंच मिळतो. बियाँड मीट या अमेरिकी कंपनीनं २०१६ साली बर्गर बाजारात आणला, तेव्हा त्याला लाल रंग द्यायला बिटाचाच रस वापरला होता. आपल्याकडे बीट कोशिंबिरीच्या पलीकडे फारसं जात नाही, हे त्याचं दुर्दैव.

पाणी गेल्यावर धरून ठेवायचा प्रश्न निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा आपल्या स्वयंपाकघरानं कधीच सोडवून ठेवलाय. कोथिंबीर वडी आठवा. ओल्या कोथिंबिरीइतकी न धरणारी वस्तू दुसरी नसेल, तरी तिचे उंडे करून वाफवले की सुरीनं कापण्याइतके घट्ट होतात, आणि तळताना एक वडी मोडत नाही. वाफेत बेसनातली प्रथिनं आणि पिठूळपणा घट्ट बसतो, मग तव्याला फक्त वरचं कवच कुरकुरीत करायचं काम राहतं. बर्गरच्या टिक्कीला हीच रीत लावा. इंग्रजी पुस्तकांतल्या कृतींत ही पायरी सहसा नसते. तिथं टिक्की फ्रीजमध्ये ठेवून गार करून भाजतात. तेही चालतं. पण ज्याला पहिल्याच खेपेला बर्गर न मोडता पानात यायला हवा, त्यानं आधी वाफवावं.

धरणारे पदार्थ तीन घ्या, थोडे थोडे. उकडलेला बटाटा, शक्यतो आदल्या रात्री उकडून गार केलेला. ताजा गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो, शिळा मोकळा किसला जातो. दुसरं, कोरडं भाजलेलं बेसन आणि ज्वारीचं पीठ. भाजल्यानं कच्चा वास जातो आणि पीठ पाणी जास्त ओढतं. तिसरं, जवस. चटणीसाठी घरात जवस असतोच. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की तिचा बुळबुळीत लगदा होतो. अंडं जे काम करतं ते काम हा लगदा करतो. जवस भाजून पूड केली तर चव चांगली लागते, मात्र चिकटपणा थोडा कमी येतो. म्हणून इथं कच्चाच दळा.

बर्गरला नुसती भाजी पुरत नाही, दाताला काहीतरी लागावं लागतं. त्यासाठी कडधान्य. कृष्णेचं पाणी उचलून आणणारी टेंभू योजना येण्याआधी हा सगळा कोरडवाहू मुलूख होता. मटकी, हुलगा, बाजरी, शाळू यांच्यावर घर चालायचं. पाणी आलं तसा ऊस आला, आलं आलं, हळद आली, द्राक्षं आली, आणि मटकी-हुलगा बांधाकडेला सरकले. तरी कणगीत नसली तरी डब्यात मटकी आहेच. ती रात्रभर भिजवा, मोड आणायची गरज नाही, आणि कुकरमध्ये बोटचेपी शिजवा. पार गाळ होऊ देऊ नका. पाणी निथळून चाळणीत पसरून ठेवा, म्हणजे वरचा ओलावा वाऱ्यानं जाईल. मग निम्मी कुस्करा, निम्मी अख्खी राहू द्या. सातारा बाजूला राहणाऱ्यांनी कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्यावा. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि मटकीपेक्षा तो बर्गरला जास्त मानवतो, कारण आतून पिठूळ आणि सालीला चिवट. घेवडा किंवा राजमा घेतला तर भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि कुकरमध्ये पुरता शिजवा. अर्धकच्चा राहिला तर पोटात कळा येऊन उलट्या होतात, इतका त्याच्यातला कच्चेपणा वाईट.

आता मापं. आठ बर्गरसाठी: बीट, गाजर आणि कोबी प्रत्येकी दीडशे ग्रॅम, मोठा कांदा एक. शिजवून निथळलेली मटकी किंवा घेवडा दोनशे ग्रॅम, म्हणजे कोरडी असताना अर्ध्या वाटीच्या आसपास. किसलेला शिळा बटाटा दीडशे ग्रॅम. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट पाव वाटी भरून. भाजलेलं बेसन तीन मोठे चमचे, भाजलेलं ज्वारीचं पीठ दोन. वर सांगितलेला जवसाचा लगदा. आलं-लसूण खलबत्त्यात ठेचून एक मोठा चमचा, घरची कांदा-लसूण चटणी दोन लहान चमचे, चिमूट हळद, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. मीठ भाजीला लावलेलं आहे, तेव्हा शेवटी चाखून मगच घाला. कोथिंबीर धुऊन लगेच घालू नका, फडक्यावर कोरडी करा. एवढ्या मेहनतीनं काढलेलं पाणी तिच्यातून परत आत येतं.

भाजी परतून पूर्ण गार झाल्यावरच सगळं एकत्र करा. मळू नका, हातानं नुसतं कालवा. कणकेसारखं मळलं की बटाटा चिकट होतो आणि टिक्की रबरी लागते. गोळा अर्धा तास झाकून ठेवा, पिठं उरलासुरला ओलावा पितील. मग लिंबाएवढा एक गोळा तव्यावर भाजून पाहा. फुटला तर चमचाभर बेसन आणखी. कोरडा, घशाला लागणारा झाला तर पीठ जास्त झालंय, थोडा बटाटा किसून घाला. आत मऊ लगदा राहिला तर भाजी नीट पिळली नाही. अशा वेळी पीठ वाढवू नका, सगळं मिश्रण पुन्हा कढईत घालून मंद आचेवर कोरडं करा. कंटाळवाणं आहे, पण उपाय तोच.

टिक्क्या साधारण नव्वद ग्रॅमच्या, बोटाच्या एका पेराहून थोड्या कमी जाडीच्या थापा. मांसाचा बर्गर भाजताना आकसतो, म्हणून तो पावापेक्षा मोठा थापतात. भाजीचा आकसत नाही, तेव्हा पावाच्या बरोबरीचाच ठेवा. प्लॅस्टिकच्या कागदावर डब्याचं झाकण दाबून थापल्या तर सगळ्या एकसारख्या होतात. कडा चिरल्या असतील तर ओल्या बोटानं सांधा, कारण मोडायला तिथूनच सुरुवात होते. मोदकपात्रात किंवा चाळणीवर तेल लावून दहा-बारा मिनिटं वाफवा. काढून पूर्ण गार होऊ द्या. गरम टिक्की उचलायचा मोह होतो, तो आवरा.

भाजायला बिडाचा तवा उत्तम. मध्यम आच, चमचाभर शेंगदाणा तेल. टिक्की ठेवली की चार मिनिटं तिला हात लावायचा नाही. कवच धरलं की ती आपोआप तवा सोडते. उलथनं लावून ओढावी लागत असेल तर अजून वेळ आहे. दुसरी बाजू तीन मिनिटं. खोल तेलात तळायची गरज नाही. तळलीच तर तो वडा झाला, आणि वडापावाशी बर्गरनं स्पर्धा करू नये. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावाची गाडी लावली असं सांगतात. तेव्हापासून महाराष्ट्रात पावात घालून खाण्याच्या सगळ्या वस्तूंना त्याच्याशी तुलना सोसावी लागते. बटाटेवडा, लसणीची चटणी, तळलेली मिरची, साधा पाव: लोणी लावलं नाही तर तोही पुरता व्हीगन आहे. भाज्यांचा बर्गर या कल्पनेचं व्यापारी रूप लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यानं १९८२ मध्ये कोरड्या मिश्रणाची पाकिटं काढून बाजारात आणलं. दादरची गाडी त्याच्या सोळा वर्षं आधीची.

पावाकडे वळू. साधा लादीपाव बहुधा मैदा, यीस्ट, साखर, मीठ, तेल आणि पाणी एवढ्यातच होतो. बर्गरचा गोल पाव मात्र मऊ आणि चकचकीत हवा म्हणून त्यात दुधाची पावडर आणि वरून लोणी किंवा दूध लावण्याची पद्धत आहे. गावातल्या बेकरीवाल्याला सरळ विचारा: पिठात दूध पावडर असते का, आणि वर काय लावता? तो सांगतो. आगाऊ सांगितलं तर तेल लावून वेगळी लादी काढूनही देतो. लादीपाव चौकोनी असतो म्हणून बर्गर होत नाही असं काही नाही. टिक्की चौकोनी थापा.

घरी करायचे असतील तर नऊ पावांसाठी मैदा साडेतीनशे ग्रॅम आणि घरच्या गव्हाचं चाळलेलं पीठ दीडशे. इन्स्टंट यीस्ट सात ग्रॅम, साखर तीन मोठे चमचे सपाट, मीठ दीड लहान चमचा, तेल तीन मोठे चमचे, कोमट पाणी सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास. पाणी मनगटावर जेमतेम उबदार लागेल इतकंच. चटका देणाऱ्या पाण्यानं यीस्ट मरतं आणि पीठ दगडासारखं बसून राहतं. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल. तिथं पीठ घालू नका, बारा मिनिटं मळत राहा. चिमटीत ताणून पाहा, न फाटता पातळ पापुद्रा झाला की मळणं पुरे. मार्च ते मे आपल्याकडे ते पाऊण तासात दुप्पट होतं, थंडीत दीड तास लागतो. मग शंभर-शंभर ग्रॅमचे गोळे, थोडे चपटे करून, तेल लावलेल्या थाळीत अंतर ठेवून अर्धा-पाऊण तास फुगू द्या. वर पाण्याचा हात फिरवून तीळ टाका. ओव्हन असेल तर २०० अंशांवर सोळा-सतरा मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तळाला जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मग थाळी आत ठेवा आणि मध्यम-मंद आचेवर पंचवीस मिनिटं. वरची बाजू पांढरी राहील, ती नंतर तव्यावर टेकवून लाल करायची. बाहेर काढल्याबरोबर गुळाच्या पातळ पाण्याचा हात फिरवा. दुधाच्या हातानं येते तशीच चकाकी येते, आणि गूळ तर इथला आहे. लगेच फडक्यानं झाका, म्हणजे साल मऊ राहते.

चटणी-सॉसच्या बाबतीत माझं मत जरा हट्टी आहे. ज्यानं चीज सोडलं त्याला चीजची नक्कल देऊ नये. काजूचं चीज महाग पडतं, आणि खाणारा मनातल्या मनात खऱ्याशी ताडून पाहतो. बर्गरमध्ये चीज करतं काय? खारटपणा, स्निग्धपणा आणि कोरड्या पावाला ओलावा देतं. ही तिन्ही कामं शेंगदाणा करतो. अर्धी वाटी शेंगदाणे दहा मिनिटं उकळा, त्याच पाण्यात तासभर ठेवा, मग चोळून सालं काढा. दोन लसूण पाकळ्या, चिमूटभर मोहरी, मीठ, एका लिंबाचा रस आणि थोडं पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं वाटा. मिक्सर चालू असतानाच वरून तीन चमचे तेल बारीक धारेनं सोडा. तेल एकदम ओतलं तर वेगळं तरंगतं, धारेनं सोडलं तर पांढराशुभ्र दाट सॉस होतो. निम्म्यात हिरव्या मिरचीचा खर्डा घाला, निम्मा मुलांसाठी तसाच ठेवा. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही त्यांच्यासाठी भाजलेल्या तिळाचा असाच करता येतो, पण तो थोडा कडवट लागतो, म्हणून गुळाचा खडा घालावा. अशा माणसासाठी टिक्कीतलं कूटही वगळा, आणि तेलही शेंगदाण्याचं वापरू नका.

रचतानाही पाण्याकडेच लक्ष. पाव मधोमध कापून आतली बाजू तव्यावर कोरडी भाजून घ्या, म्हणजे सॉस आत झिरपत नाही. सॉस दोन्ही बाजूंना, मग कोबीचं किंवा सॅलडचं पान, त्यावर टिक्की, वर कांदा. टोमॅटो घालायचा तर चकत्या करून मीठ लावून निथळवा, बिया काढा. काकडीचंही तेच. आणि रचला की दहा मिनिटांत खायचा. डब्यात द्यायचा असेल तर पाव, टिक्की, सॉस वेगवेगळे द्या आणि पोराला तिथं जोडू द्या.

हाच साचा धरून ऋतूप्रमाणे भाजी बदलता येते. थंडीत कृष्णाकाठची वांगी येतात. एखादं मोठं भरताचं वांगं जाळावर भाजून, सोलून, चाळणीत तासभर निथळत ठेवा. पन्नास ग्रॅम सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात भिजवून कडक पिळा, परतलेल्या कांद्यात मिसळा, वांगं घाला. बाकी मसाला आणि पिठं तीच, फक्त बेसन एक चमचा जास्त. या टिक्कीला धुराचा वास येतो आणि पोत असा, की मटण खाणारेही दुसरी मागतात. सोयाचे हे दाणे तेल काढून उरलेल्या पिठाचे असतात, शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रथिनं. त्यांची जी एक उग्र वासाची तक्रार असते ती नीट न पिळल्यामुळे. दोनदा पाणी बदलून पिळा, वास जातो. सांडग्यांचं कोरड्यास करणाऱ्या घराला हा पोत परका वाटणार नाही. मक्याची कणसं मिळतात तेव्हा दाणे किसून घ्या, पण मक्याच्या चिकाला कढईत पंधरा मिनिटं परतावं लागतं. जानेवारीत हुरडा असेल तर वाटीभर जाडसर भरडून मटकीच्या जागी घाला. गोडसर टिक्की होते, तिला खर्डा जास्त लागतो. दुधी, घोसावळं, काकडी यांच्या वाटेला जाऊ नका. पिळून मूठभर चोथा उरतो, आणि दुधी नेमका त्याच्या ओलाव्यासाठीच चांगला लागतो.

ज्या माळकरी घरात कांदा-लसूण चालत नाही, तिथं कांद्याच्या जागी किसलेला कोबी जरा जास्त आणि चिमूटभर हिंग, चटणीऐवजी साधं लाल तिखट, धने-जिरे पूड आणि आलं दुप्पट. आल्याला कडेगावात तोटा नाही.

पोषणाचा हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर मटकीच्या एका टिक्कीत साधारण पाच ग्रॅम प्रथिनं बसतात, पावात तितकीच किंवा थोडी जास्त, सॉसमध्ये दोनेक. म्हणजे एका बर्गरला बारा-तेरा. सोयाच्या टिक्कीत आकडा जवळपास तेवढाच राहतो, कारण मटकी वगळली की तिची प्रथिनंही जातात. दोन्ही घातली तर वाढतो. मात्र एक गोष्ट कुठल्याच भाजीतून भरवशानं मिळत नाही, ती म्हणजे ब १२ जीवनसत्त्व. जी मुलं दूधही सोडतात त्यांना ते गोळीतून किंवा बाहेरून मिसळलेल्या पदार्थातून घ्यावंच लागतं. नातवाला बर्गर वाढताना हे एकदा विचारा, आणि डॉक्टरकडून तपासून घेतलं का तेही. दूध सोडण्याबद्दल भांडण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

पाहुणे यायच्या आधी टिक्क्या करून ठेवता येतात. वाफवून, पुरत्या गार करून, दोन टिक्क्यांमध्ये बटर पेपर किंवा तेल लावलेला केळीच्या पानाचा तुकडा घालून डब्यात रचा. फ्रीजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमधली टिक्की वितळवू नका, गोठलेलीच मंद आचेवर तव्यात झाकून पाच मिनिटं, मग झाकण काढून दोन्ही बाजू खरपूस. गावाकडे वीज किती वेळ जाते हे तुम्हाला माहीत आहे. एकदा पूर्ण वितळलेली टिक्की परत गोठवायची नाही, त्याच दिवशी भाजून संपवायची. आणि परतीच्या एसटीत किंवा रेल्वेत द्यायच्या असतील तर वाफवलेल्या तशाच देऊ नका. बेसन आणि बटाटा उन्हात चार-पाच तासांत आंबतो. खरपूस भाजून, पूर्ण गार करून, स्टीलच्या डब्यात कोरड्या कागदावर ठेवून द्या, आणि सकाळी दिलेल्या दुपारच्या जेवणाला संपवायला सांगा. रात्रीसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून द्या.